जुनी आणि नवी जाहिरात शेजारी ठेवल्यावर नेमके काय तपासावे?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे. जाहिरातींतील स्त्रीपुरुषांचे आणि निरनिराळ्या वंशांच्या माणसांचे चित्रण काळानुसार कसे बदलत गेले, यावर तिला निबंध लिहायचा आहे. त्यासाठी तिने १९५३ सालची, केचपच्या बाटलीच्या झाकणाची एक अमेरिकन जाहिरात आणि खेळाच्या बुटांची अलीकडची एक जाहिरात निवडली. पहिलीत स्त्रीला दुबळे ठरवले आहे, दुसरीत एक कृष्णवर्णीय स्त्री जोमाने धावते आहे. म्हणून ‘पूर्वी चित्रण वाईट होते, आता ते सुधारले आहे’ असा निष्कर्ष तिने काढला. मार्गदर्शकांनी ‘हे निरीक्षण झाले, विश्लेषण नव्हे’ असा शेरा मारून तो परत केला. आता पुढे काय करावे, लिंगभाव आणि वंश हे दोन्ही विषय एकाच निबंधात कसे बसवावेत आणि जाहिराती किती घ्याव्यात, असे तिने विचारले आहे.

तुमच्या मार्गदर्शकांचा शेरा मला रास्त वाटतो, पण तो अपुरा आहे, कारण अडचण नेमकी कुठे आहे हे त्यातून कळत नाही. जाहिरातीत कोण दिसते आणि ते कसे दिसते, एवढेच तुम्ही पाहिले आहे. जाहिरात हे मुळात चित्र नसून युक्तिवाद असतो : ही वस्तू घ्या, कारण अमुक. त्यात दिसणाऱ्या प्रत्येक माणसावर त्या युक्तिवादातले एखादे काम सोपवलेले असते. मी अनेक वर्षे जाहिरात संस्थेत मजकूर लिहिला आणि नंतर जुन्या जाहिराती वाचायला शिकवत आले आहे. मजकूर लिहिताना पात्राचा चेहरा आमच्याकडे सर्वांत शेवटी ठरत असे. त्या पात्राने काय सिद्ध करून दाखवायचे, हे त्याच्या कितीतरी आधी पक्के झालेले असे. म्हणून जाहिरातीतल्या माणसाबद्दल पहिला प्रश्न ‘त्याला कसे दाखवले आहे?’ हा न विचारता ‘त्याला कोणत्या कामावर ठेवले आहे?’ हा विचारावा. तो ग्राहक आहे, वस्तूचा जाणकार आहे, सेवक आहे, शोभेसाठी आहे, की पुरावा म्हणून उभा केला आहे?

तुमच्याच पहिल्या जाहिरातीवर हे करून पाहू. ती जाहिरात केचपची नाही. अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीने बनवलेल्या झाकणाची आहे. चित्रात लाल ओठांची, लाल नखांची एक तरुणी आहे, विस्मयाने तिचे तोंड किंचित उघडले आहे आणि तिची बोटे बाटलीच्या झाकणावर आहेत. मथळा विचारतो, ‘म्हणजे, ही बाटली स्त्रीलाही उघडता येते?’ खालचा मजकूर उत्तर देतो की होय, सहज येते, सुरी नको, ओपनर नको, नवरासुद्धा नको. आता असे पाहा की दुकानातून ही बाटली घेणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच होती, आणि तरीही मथळा तिच्याशी बोलत नाही, तिच्याविषयी बोलतो. तो कोणाच्या तोंडचा आहे हेही सांगितलेले नाही. झाकण सहज उघडते, हा या जाहिरातीचा दावा आहे. ‘सहज’ म्हणजे किती, हे दाखवायला एक माप हवे होते, आणि ते माप म्हणून स्त्रीचा दुबळेपणा वापरला आहे. तो दुबळेपणा सिद्ध करण्याची कंपनीला गरजच वाटलेली नाही. वाचकाला तो आधीपासून मान्य आहे असे धरूनच सगळा युक्तिवाद उभा आहे. एखाद्या काळाचे गृहीतक पकडायचे असेल, तर जाहिरात ज्या गोष्टीचे समर्थन करत बसत नाही तिथे ते शोधावे.

वंशाच्या बाजूने हेच काम कसे होते, हे पाहण्यासाठी आणखी मागे जावे लागेल. १८८० च्या दशकात पिअर्स साबणाची दोन चित्रांची एक जाहिरात ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या चित्रात एक कृष्णवर्णीय मूल टबात बसले आहे आणि एक गोरे मूल साबण घेऊन जवळ उभे आहे. दुसऱ्या चित्रात त्या मुलाचे अंग मानेपर्यंत गोरे झाले आहे आणि ते आरशात पाहून चकित झाले आहे. इथे ते मूल ग्राहक नाही. साबणाची ताकद दाखवण्यासाठी त्याची त्वचा मळाच्या जागी ठेवली आहे. स्त्रीचे बळ हे झाकणाचे माप आणि मुलाचा रंग हे साबणाचे माप; दोन जाहिरातींत सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे, विषयही वेगळे आहेत, पण दोघांवर सोपवलेले काम एकच आहे. तुमच्या निबंधातले दोन विषय जोडणारा धागा मला इथे दिसतो.

याच रचनेचा माग पुढच्या काळात काढला, तर ‘पूर्वी आणि आता’ ही विभागणी किती कच्ची आहे तेही कळते. २०१६ मध्ये चीनमधल्या चाओबी या धुलाईच्या उत्पादनाच्या जाहिरातीत एक तरुणी एका कृष्णवर्णीय पुरुषाला धुलाई यंत्रात ढकलते आणि त्यातून गोरा चिनी तरुण बाहेर येतो. २०१७ मध्ये डव्हने फेसबुकवर टाकलेल्या एका छोट्या चित्रफितीत एक कृष्णवर्णीय स्त्री अंगातला शर्ट काढते आणि तिच्या जागी गोरी स्त्री दिसते. कंपनीने माफी मागितली. त्या चित्रफितीत पुढे तिसरी, आणखी वेगळ्या वर्णाची स्त्रीही होती आणि सर्व स्त्रियांसाठी एकच साबण, असा तिचा हेतू असावा असे मानायलाही जागा आहे. पण साबणाच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा क्रम शतकभर रूढ झालेला आहे, आणि त्या क्रमात जी व्यक्ती आधी येते ती मळाची जागा घेते. सद्हेतूने निवडलेली पात्रेसुद्धा जुन्या रचनेत बसवली की जुनेच बोलू लागतात. अशा जाहिरातीत किती वंशांची माणसे आहेत हे मोजून तुम्हाला काहीच कळणार नाही.

तरीही दोन्ही विषयांचा इतिहास एकाच रेषेत बसवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक निबंध याच ठिकाणी घसरतात. आधुनिक जाहिरातीच्या जवळजवळ आरंभापासून स्त्री हीच मुख्य ग्राहक मानली गेली आहे. १९११ च्या सुमारास जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेत हेलन लॅन्सडाउन यांनी वुडबरी साबणासाठी ‘स्पर्श करावासा वाटेल अशी त्वचा’ हे घोषवाक्य लिहिले. ते लिहिणारी स्त्री होती, वाचणारी स्त्री होती, आणि स्पर्श मात्र पुरुषाचा अपेक्षित होता. १९२० च्या दशकात लिस्टरीनने तोंडाच्या दुर्गंधीमुळे लग्न न जुळणाऱ्या तरुणीची भीती विकली. म्हणजे स्त्रीला बोलावले जात होते, तिची मनधरणी होत होती आणि त्याच वेळी तिला कमीही लेखले जात होते. तिच्या बाबतीत ‘अदृश्य होती, मग दिसू लागली’ अशी कथा लिहिता येणारच नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गोष्ट याहून वेगळी आहे. ते जाहिरातींत भरपूर दिसत होते, फक्त त्यांना उद्देशून जाहिरात केलेली नसे. आंट जेमायमा हे नाव १८८९ मध्ये पॅनकेकच्या तयार पिठाला देण्यात आले, आणि ते गोऱ्या कलाकारांनी तोंडाला काळे फासून सादर केलेल्या करमणुकीच्या कार्यक्रमांतून उचललेले होते. गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन यांना या भूमिकेसाठी नेमले गेले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी ते पीठ लोकांसमोर शिजवून दाखवले. हसतमुख, डोक्याला फडके बांधलेली ही स्त्री वेष्टनावर राहिली. तिचे श्रम वस्तूबरोबर मिळतात, असे आश्वासन ती गोऱ्या घरांना देत होती. कंपनीने १९८९ मध्ये डोक्यावरचे फडके काढून तिला मोत्यांची कर्णभूषणे दिली. २०२० मध्ये हे नाव व चित्र बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२१ मध्ये पर्ल मिलिंग कंपनी हे नाव आले. १९८९ सालच्या बदलाकडे नीट लक्ष द्या. रूप बदलले, पण तिचे काम तेच राहिले. रूप आणि काम यांत फरक करायला शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

काम खऱ्या अर्थाने बदलले ते दुसरीकडे, आणि ते चांगुलपणापेक्षा व्यापाराच्या गरजेतून बदलले. पेप्सी ही १९४० च्या दशकात कोका-कोलाच्या तुलनेत लहान कंपनी होती आणि तिला नवे ग्राहक हवे होते. तिचे प्रमुख वॉल्टर मॅक यांनी १९४७ मध्ये एडवर्ड बॉइड यांना नेमले आणि बॉइड यांनी कृष्णवर्णीय विक्रेत्यांचा एक गट उभा केला. त्यांच्या जाहिरातींपैकी एकीत एक नीटनेटकी कृष्णवर्णीय आई बाटल्यांचा सहाचा खोका हातात धरून हसते आहे आणि तिचा लहान मुलगा बाटली घ्यायला हात वर करतो आहे. वरवर पाहता त्या काळच्या कोणत्याही गोऱ्या कुटुंबाच्या जाहिरातीची ही नक्कल वाटेल, आणि नेमके तेच महत्त्वाचे आहे. ती कोणाच्याही स्वयंपाकघरातली नोकर नाही, कोणत्याही दाव्याचा पुरावा नाही. ती खरेदी करणारी आई आहे. मॅक पायउतार झाल्यानंतर हा गट फार काळ टिकला नाही, त्यामुळे हा बदल सरळ पुढे जात राहिला असेही समजू नका.

त्याच सुमारास, १९४५ मध्ये, जॉन जॉन्सन यांनी कृष्णवर्णीय वाचकांसाठी ‘एबनी’ हे मासिक सुरू केले. मोठ्या कंपन्या जाहिराती देईनात, तेव्हा त्यांनी झेनिथ या रेडिओ कंपनीच्या प्रमुखांना स्वतः भेटून त्यांचे मन वळवले. पुढे १९७१ मध्ये टॉम बरेल यांनी शिकागोत स्वतःची जाहिरात संस्था काढली. गोऱ्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात नुसते कृष्णवर्णीय मॉडेल बसवून भागत नाही, त्या ग्राहकाचे जगणे वेगळे आहे, हा त्यांच्या कामाचा पाया होता. या टप्प्याच्याही पुढे, वंश हा जाहिरातीचा विषयच नसलेले पात्र येते. २०१३ मध्ये चीरिओज या नाश्त्याच्या तयार धान्याच्या जाहिरातीत गोरी आई, कृष्णवर्णीय वडील आणि त्यांची मुलगी दिसली. हृदयाला चांगले म्हणून मुलगी झोपलेल्या वडिलांच्या छातीवर ते धान्य ओतते, एवढीच तिची कथा होती. तरीही वांशिक द्वेषाच्या प्रतिक्रिया इतक्या आल्या की कंपनीला यूट्यूबवरचा प्रतिक्रियांचा विभाग बंद करावा लागला. जाहिरात पुढे गेली तेव्हा पाहणाऱ्यांपैकी काही मागे राहिले होते, हेही त्या काळाच्या नोंदीत यायला हवे.

थोडक्यात, पुरावा किंवा सेवक, मग वेगळा काढलेला ग्राहक, मग कोणीही एक माणूस, असे हे टप्पे दिसतात. पण ते एकापाठोपाठ संपत नाहीत, एकाच वर्षी तिन्ही सापडू शकतात.

लिंगभाव आणि वंश एकत्र कुठे येतात, तर एकाच स्वयंपाकघरात. अमेरिकन सर्वसाधारण मासिकांतली १९५० च्या दशकातली ‘गृहिणी’ म्हणजे गोरी, मध्यमवर्गीय स्त्री. त्याच ओट्यापाशी कृष्णवर्णीय स्त्री आली तर कामाला आलेली. म्हणजे ‘त्या काळी स्त्रियांना गृहिणी म्हणून दाखवत’ हे विधानसुद्धा कितीतरी स्त्रियांना विसरून केलेले असते. यासाठी मी विद्यार्थ्यांना एक कृती करायला सांगते : एकच कंपनी, एकच वस्तू, एकच वर्ष घ्या आणि तिची एक जाहिरात सर्वसाधारण मासिकातून व दुसरी ‘एबनी’तून काढा. मजकूर शब्दशः तोच आहे का, कोण कोणाकडे पाहते, घर कसे आहे, नोकर आहे का, हे ताडून पाहा. दोन काळांच्या तुलनेपेक्षा ही तुलना अधिक बोलकी ठरते, कारण काळ स्थिर राहिल्याने फरक कशामुळे पडला हे नेमके सांगता येते.

आता ‘हळूहळू सुधारत गेले’ या समजुतीबद्दल. मार्लबोरो ही सिगारेट १९२४ मध्ये स्त्रियांसाठी, सौम्य म्हणून बाजारात आणली गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर लिओ बर्नेट यांच्या संस्थेने तिला काउबॉय दिला आणि ती पुरुषत्वाची खूण झाली. तंबाखूला लिंग नसते, ते जाहिरातीने आधी एक दिले आणि मग दुसरे. दुसरे उदाहरण दंडाचे स्नायू दाखवणाऱ्या, डोक्याला लाल रुमाल बांधलेल्या स्त्रीच्या ‘आम्ही हे करू शकतो’ या भित्तिपत्रकाचे. आज ते युद्धकाळातल्या स्त्रीशक्तीचे प्रतीक मानले जाते, पण जे. हॉवर्ड मिलर यांनी ते वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढले होते आणि १९४३ च्या फेब्रुवारीत ते थोडे दिवस तिच्याच कारखान्यांत लावले होते, कामगारांचा हुरूप टिकवण्यासाठी. सर्वसामान्यांना ते माहीत झाले १९८० च्या दशकात. म्हणून ते १९४३ चा पुरावा म्हणून वापरताना फार जपावे. ते १९८० च्या दशकाबद्दल कदाचित अधिक सांगते. हीच खबरदारी इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या ‘धक्कादायक’ जाहिरातींबाबत घ्या. त्यातल्या काही नंतर बनवलेल्या बनावट असतात, आणि खऱ्या असतात त्याही धक्का बसतो म्हणूनच उरलेल्या असतात. शक्य तिथे मासिकाचा मूळ अंक उघडा आणि त्या जाहिरातीच्या आजूबाजूची, कोणीही न जपलेली, कंटाळवाणी पाने वाचा. सर्वसामान्य चित्रण तिथे असते.

चित्र वाचण्यासाठी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ मध्ये मांडलेली निरीक्षणे अजून उपयोगी पडतात. हात वस्तू पकडतो की नुसता कुरवाळतो, उंचीचा फरक कसा वापरला आहे, कोण शिकवते आणि कोण शिकते, कोणाचे लक्ष प्रसंगातून निघून गेल्यासारखे दाखवले आहे, असे साधे प्रश्न ते विचारतात. ते आजही किती लागू पडतात हे २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने त्या वर्षी जूनमध्ये लिंगभावाच्या हानिकारक साचेबंद प्रतिमांवर बंदी आणली आणि ऑगस्टमध्ये फोक्सवॅगनची एक जाहिरात थांबवली. तिच्यात अंतराळात तरंगणारे पुरुष होते, कृत्रिम पायाने लांब उडी मारणारा पुरुष खेळाडू होता, सुरुवातीला तंबूत झोपलेली एक स्त्री होती आणि शेवटी बाकावर, बाबागाडीशेजारी बसलेली दुसरी स्त्री. बाळाजवळ बसलेली आई दाखवणे हा दोष नव्हता. एका बाजूला साहस आणि दुसऱ्या बाजूला स्वस्थ बसणे, ही जोडणी आक्षेपार्ह ठरली. एकेक चित्र सुटे काढून ‘साचेबंद’ असा शिक्का मारणे का पुरत नाही, हे यातून कळते.

कॅडबरीच्या क्रिकेटच्या जाहिरातीचेही तसेच आहे. १९९० च्या दशकातल्या मूळ जाहिरातीत पुरुष षटकार मारतो आणि मैत्रीण मैदानात धावत जाऊन नाचते. २०२१ मध्ये स्त्री खेळते आणि मित्र नाचतो. अदलाबदल झाली हे कोणालाही दिसते. पण मूळ जाहिरातीतली ती मुलगी पहारेकऱ्याला चुकवून, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता नाचत होती, आणि त्या काळच्या जाहिरातींत मोठ्या स्त्रीला असे बेभान होण्याची मुभा क्वचितच मिळत असे. ‘ती फक्त टाळ्या वाजवत होती’ असे लिहिलेत, तर मूळ जाहिरातीवर अन्याय होईल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. अमेरिकेतल्या वंशाच्या वर्गवाऱ्या दुसऱ्या देशाच्या जाहिरातींना तशाच लावता येत नाहीत. कुठे प्रश्न वंशाचा असतो, कुठे भाषेचा, तर कुठे एकाच समाजातल्या वर्णछटेचा. १९७५ मध्ये भारतात आलेल्या फेअर अँड लव्हलीचे नाव २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झाले. तिच्या जुन्या जाहिरातींत सावळी तरुणी उजळ झाली की तिला नोकरी किंवा वर मिळे, म्हणजे तीच स्त्री पुरावाही होती आणि ग्राहकही. पिअर्सच्या मुलापेक्षा हे काम निराळे आहे आणि मला ते अधिक क्रूर वाटते, कारण इथे आपल्याच त्वचेविरुद्धचा पुरावा विकत घ्यायला सांगितले जाते. छायाचित्राचे तंत्रही विचारात घ्यावे लागते. कोडॅकच्या रंगजुळणीची नमुना-कार्डे दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावर बेतलेली होती, त्यामुळे गडद त्वचेचे तपशील नीट उमटत नसत. गडद आणि दुधाळ चॉकलेट वेगळे ओळखू येत नाही, लाकडाच्या छटा कळत नाहीत, अशा तक्रारी चॉकलेट आणि फर्निचरच्या व्यावसायिकांनी केल्या, तेव्हा फिल्म सुधारण्याला गती मिळाली. एखाद्या जुन्या छापील जाहिरातीत कृष्णवर्णीय चेहरा सपाट दिसला, तर तो हेतू होता की फिल्मची मर्यादा, हे लगेच ठरवू नका.

राहिला प्रश्न संख्येचा. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. मोजणी करायची असेल, तर मासिक, वर्षे आणि वस्तूंचा प्रकार आधी ठरवून त्यात सापडेल ती प्रत्येक जाहिरात घ्यावी लागेल. मनाजोगत्या जाहिराती वेचून मोजणी होत नाही. निबंधाचा आवाका पाहता मी दुसरा मार्ग सुचवेन : एकाच वस्तूच्या चार ते सहा जाहिराती, प्रत्येकीची तारीख व मासिक तपासलेले, आणि प्रत्येकीबद्दल तेच प्रश्न विचारलेले. कोणाशी बोलते आहे, कोण बोलते आहे, दावा काय आहे, आणि माणसांवर त्या दाव्यातले कोणते काम सोपवले आहे.

याच कारणाने बुटांची जाहिरात मी बाजूला ठेवेन. झाकण आणि बूट यांच्यात काळाबरोबर वस्तूही बदलली आहे, आणि खेळाच्या वस्तूची जाहिरात कोणत्याही काळात शरीराचे बळच दाखवणार. तिच्या जागी ‘उघडायला सोपे’, ‘एका मिनिटात तयार’ किंवा ‘कोणालाही जमेल’ असा दावा करणारी आजची एखादी घरगुती वस्तू शोधा, आणि तो सोपेपणा दाखवायला आज कोणाला पुढे केले आहे ते पाहा. अनेकदा तिथे आता स्वयंपाकघरात गोंधळलेला पुरुष आढळतो. फोक्सवॅगनबरोबर त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये थांबवलेली फिलाडेल्फिया चीजची जाहिरात अशीच होती. तिच्यात खाण्यात गुंगलेले दोन बाबा आपली बाळे सरकत्या पट्ट्यावर विसरतात. ती तुमच्या १९५३ च्या तरुणीशेजारी ठेवून दोघांचे काम ताडून पाहा, आणि निष्कर्ष तिथून लिहायला घ्या.